आतोबांची घरघंटी

आमच्या आतोबांनी परवानगी न घेता या जगात एकच गोष्ट केली, ती म्हणजे जन्म घेतला. आणि त्याबद्दलही त्यांना मनातून थोडं अवघडल्यासारखं वाटत असावं, असा मला दाट संशय आहे. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. उभं आयुष्य नाशकातल्या एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून काढलं, आणि निवृत्त झाल्यावर इंदिरानगरातल्या आपल्या छोट्याशा रो-हाऊसमध्ये पाहुण्यासारखे राहू लागले. स्वतःच्याच घरात खुर्चीवर बसताना हा माणूस आधी इकडेतिकडे बघायचा. इतका सज्जन, इतका सज्जन, की कधीकधी त्या सज्जनपणाचा वीट यायचा. भाजीबाजारात त्यांच्याबरोबर गेलं की माझा जीव मेटाकुटीला येई. टोपलीसमोर उकिडवं बसून आतोबा विचारणार, "मावशी, वांग्याला हात लावू का?" मखमलाबादकडून भाजी घेऊन येणारी ती मावशी एकदा वैतागून म्हणाली, "लावा की बाबा! वांगं हाय ते, लाजाळूचं झाड नाय." तरी आतोबांनी एका बोटानंच वांगं दाबून पाहिलं आणि मग तिचे आभार मानले.

त्यांच्या अंगणात जास्वंदीचं झाड होतं. आमच्या नाशकात पहाटे फिरायला निघणारी मंडळी दुसऱ्यांच्या कुंपणातली फुलं किती हक्कानं तोडतात, हे मी सांगायला नको. हातात पिशवी आणि काठी घेऊनच त्यांचा व्यायाम सुरू होतो. या झाडाची अर्धी फुलं अशी पहाटेच देवाघरी जायची. उरलेल्या अर्ध्यांतली काही शेजारच्या बाजूला झुकलेल्या फांदीवर असत, आणि ती तोडण्यासाठी आतोबा चपला घालून शेजाऱ्यांच्या दाराची बेल वाजवत. "फांदी तुमच्या हद्दीत आली आहे. एक फूल घेऊ का?" झाड यांचं, खत यांचं, पाणी यांचं! शेजारी झोपेतून उठून दार उघडणार आणि वर यांना म्हणणार, "घ्या की, त्यात काय!" म्हणजे उपकार त्यांचेच. एकदा आम्ही दोघं देवळाली कॅम्पच्या बसमध्ये होतो. उकाडा मरणाचा. आतोबांनी खिडकीच्या काचेवर हात ठेवला आणि सगळ्या बसला विचारलं, "काच उघडू का?" पुढचे म्हणाले उघडा, मागच्या एक बाई म्हणाल्या धूळ येते. झालं! कॅम्प येईपर्यंत हा माणूस काचेवर हात ठेवून घामानं निथळत बसला, आणि उतरताना मागं वळून म्हणाला, "मी आता उतरतोय. पुढचं तुम्ही आपसात ठरवा."

अशा माणसाच्या पदरात देवानं माझी आत्या टाकली. आत्या म्हणजे तडतडणारी मोहरी. कोणाला विचारणं नाही, थांबणं नाही. मनात आलं की हात कामाला लागलाच. ती सांगायची की, बघायच्या कार्यक्रमात आतोबांनी खाली मान घालून तिला म्हटलं, "तुम्हाला एक प्रश्न विचारू का?" ती हो म्हणाली. त्या होकारानंच ते इतके भारावले की प्रश्न विसरले. "पोरं झाली, नातवंडं झाली," आत्या पदर तोंडाला लावून हसायची, "पण ह्यांचा प्रश्न काही आला नाही गं बाई."

आत्याची भाजणी अख्ख्या कॉलनीत प्रसिद्ध होती. साधी तर होतीच, पण तिची खरी करामत उपासाच्या भाजणीत. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, जिरं, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, बदामी होईस्तो भाजायचं. श्रावण जवळ आला की बायका डबे घेऊन हजर व्हायच्या आणि आत्या पैसे घेऊन पुड्या बांधून द्यायची. त्या पैशांपेक्षाही तिला दारातली ती गर्दी आवडायची. पण दळायला जायचं ते चौकातल्या गिरणीत. आता गिरणीचं शास्त्र बायकांना ठाऊक असतं: गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. आधीच्या दळणाचं पीठ जात्यात उरतं, ते पुढच्यात येतंच. म्हणून उपासाचं दळण गिरणी झाडूनपुसून, सगळ्यांच्या आधी, सकाळी पहिलं. एका महाशिवरात्रीला गिरणीवाल्याची झाली गडबड आणि त्यानं आत्याची भाजणी सरळ कुणाच्यातरी गव्हावर ओतली. कळलं कधी? तर कॉलनीतल्या निम्म्या बायकांनी थालीपिठं खाऊन झाल्यावर! आत्या घरी आली ती पांढरीफटक. "मी सगळ्यांचा उपास मोडला गं," म्हणाली. कोणी तिला बोल लावला नाही, एक-दोघींनी तर हसण्यावारी नेलं. पण आत्यानं त्या दिवसापासून उपासाची भाजणी करणं बंद केलं. बायका विचारायच्या, ती म्हणायची, "आता होत नाही माझ्यानं." खोटं होतं ते. होत सगळं होतं, धीर होत नव्हता. आत्यासारखी बाई अशी मिटून बसलेली मला बघवत नसे.

म्हणून तिच्या सत्तरीला आम्ही सगळ्या भाचरांनी मिळून तिला घरघंटी घेतली. कपाटाएवढी, पांढरीशुभ्र, घरातली स्वतःची गिरणी! आत्यानं तिला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि बटणाकडे हात नेला. तेवढ्यात मागून आवाज आला, "परवानगी?"

आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण आतोबांचंही अगदीच चुकत नव्हतं. घराचं वायरिंग जुनं, इंदिरानगरात संध्याकाळी रिक्षा यायला कुरकुर करायच्या त्या काळातलं. वायरमन आला, त्यानं पाहून सांगितलं की मीटरपासून वेगळी लाइन ओढू, जाड वायर टाकू, अर्थिंग नवीन करू, मग काळजी नाही. "आणि परवानगी?" आतोबा. वायरमन नांदगावकडचा, मोकळा माणूस. "काका, एवढीशी मोटार हाय. मिक्सरची मोठी बहीण समजा. तिला कशाला परवानगी लागतीय?" आतोबांचा चेहरा उतरला. आत्याकडे वळून ते हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, आपण मिक्सरची घेतली होती का?"

काम तर नीट झालं. परवानाधारक ठेकेदारानं येऊन फिटिंग तपासलं, तसा दाखला दिला. दुसरा कोणी असता तर त्याच संध्याकाळी दळायला बसला असता. आतोबा निघाले शेजाऱ्यांची संमती घ्यायला. आवाज केवढा होईल हे लोकांना आधी कळायला नको का? म्हणून प्रत्येक दारात उभं राहून, डोळे मिटून, हा सत्तरी उलटलेला माणूस तोंडानं आवाज काढून दाखवायचा, "घर्रर्रर्र... साधारण एवढा. चालेल का?" एका घरातलं कुत्रं त्यांच्यावर भुंकायला लागलं तर त्यांनी ते 'हरकत' म्हणून गंभीरपणे घेतलं. कोपऱ्यावर तोफखान्यातले एक निवृत्त सुभेदार राहायचे. ते गडगडाटी हसले. "अहो, जन्म गेला आमचा तोफांपुढे. तुमची गिरणी कुठली ऐकू येतेय?" आतोबा समाधानानं घरी आले. "सुभेदारांची हरकत नाही," त्यांनी जाहीर केलं, "त्यांना ऐकू येत नाही."

मग वीज कंपनीचं ऑफिस. मी बरोबर गेले होते, म्हणून हे स्वतःच्या कानांनी ऐकलेलं सांगते. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "आजोबा, घरगुती वापर आहे ना? मग वेगळी परवानगी लागत नाही." माझा जीव भांड्यात पडला. आतोबांनी खिशातून पेन काढलं. "लागत नाही, असं लेखी मिळेल का?" साहेब म्हणाला, "जे लागतच नाही, त्याचं मी लिहून काय देऊ?" इथे कोणीही शहाणा माणूस नमस्कार करून उठला असता. आतोबा उठले नाहीत. "एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले, "वापर घरगुतीच. पण कॉलनीतल्या बायका आमच्याकडून भाजणी नेतात. पैसे देतात." मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. "बाळ, तुझा पाय लागतोय," ते म्हणाले. साहेबांनी पेन खाली ठेवलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "मग हा वापर घरगुती की व्यावसायिक, हे बघावं लागेल. अर्ज करा. आमचा माणूस येऊन जागा पाहील. मग ठरवू."

झालं! जिथे काही नव्हतं तिथे प्रकरण उभं राहिलं. रिक्षात मी आतोबांना नको नको ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "बाळ, उद्या कोणी येऊन तुझ्या आत्याला विचारलं, बाई ही कुणाला विचारून चालवता, तर तिनं काय सांगायचं? एकदा गिरणीनं तिला मान खाली घालायला लावली. दुसऱ्यांदा मी घालू देणार नाही." ते मला पटलं. पण राग काही गेला नाही.

जागा पाहायला येणारा माणूस काही येईना. साहेब बदलून गेले, नवे आले, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगून झालं. घरघंटीवर आत्यानं भरतकामाचं आच्छादन घातलं. मग त्यावर फोन येऊन बसला, मग फुलदाणी, मग नातवाचा फोटो. एवढी चांगली गिरणी टीपॉय होऊन बसली. दर मंगळवारी आतोबा जेवायच्या आधी ऑफिसात चौकशीला जायचे, आणि "पुढच्या आठवड्यात" हे दोन शब्द घेऊन परत यायचे. इकडे श्रावण तोंडावर आला. बायका पुन्हा दारात डोकावू लागल्या, "काकू, यंदा तरी?" आत्या फक्त आच्छादनावरची धूळ झटकायची.

श्रावणातल्या पहिल्याच मंगळवारी मी सहज तिच्याकडे गेले, तर दार लोटलेलं आणि आतून घर्रर्र! आत्या पीठ झालेली, भुवया पांढऱ्या, केस पांढरे, डोळे मात्र चमकत होते. "बोलू नकोस," तिनं मला आत ओढलं. "हे ऑफिसात गेलेत. येईस्तो उरकते. हात लाव." आम्ही दोघी चोरांसारख्या कामाला लागलो. फुलदाणी, फोन, फोटो सगळं परत जागच्या जागी. फरशी पुसली. आतोबा आले, हात धुऊन पानावर बसले, गरम थालीपीठ लोण्याबरोबर खाल्लं. मी श्वास रोखून बघत होते. त्यांनी आत्याच्या कानामागं राहिलेल्या पिठाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "आणखी एक घेऊ का?"

मला वाटलं, भोळा सांब आहे बिचारा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मंगळवारी मी स्कूटरवरून त्या गल्लीत वळले, तर कोपऱ्यावर, सुभेदारांच्या घरासमोर कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक आहे, त्यावर आतोबा! मांडीवर कागदांची पिशवी, छत्री उभी टेकवलेली. गल्लीत गिरणीचा आवाज चांगला खणखणीत येत होता. मी थांबले. "आतोबा, तुम्ही इथे?"

"मी इथे नाही," आतोबा म्हणाले. "मी ऑफिसात आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे!"

"मला काही माहीत नाही. माहीत असतं तर मला ते थांबवावं लागलं असतं." मग थोडं सरकून त्यांनी मला बसायला जागा केली. "बस. आणि आवाज थांबला की सांग. मला हल्ली नीट कळत नाही, मागच्या वेळी लवकर घरी गेलो तर तिची फार धांदल झाली."

मी बसले. आयुष्यभर नियमाची रेघ न ओलांडलेला माणूस, बायको ती ओलांडत असताना तोंड फिरवून उन्हातान्हात बसला होता. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण तेवढ्यात समोर एक स्कूटर थांबली. तरुण मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. "काका, गिरणीसाठी अर्ज केलेलं घर इथे कुठे आहे?"

आतोबा ताडकन उठून उभे राहिले. पत्ता सांगायची गरजच नव्हती, आवाजच पत्ता सांगत होता. "मी वीज कंपनीची इंजिनियर," ती म्हणाली, आणि कान देऊन, "मंजुरीच्या आधीच चालू आहे वाटतं?" मी आतोबांकडे पाहिलं. ते आधी म्हणाले, "तो आवाज शेजारच्यांचा असेल." मग लगेच, "नाही नाही, शेजाऱ्यांचा नाही, त्यांना उगाच त्रास नको." आणि मग छत्री घट्ट धरून, सरळ तिच्या डोळ्यांत बघून त्यांनी आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं सांगितलं. "मॅडम, गिरणी मी लावली. माझी बायको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. मी चालू केली आणि इथे येऊन बसलो. काय दंड असेल तो माझ्या नावावर करा. तिचं नाव कुठे येऊ देऊ नका."

ती मुलगी क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांच्या काळ्या चपला, इस्त्रीचा शर्ट. अंगावर पिठाचा एक कण नाही. "चला, घर दाखवा," एवढंच म्हणाली. दार उघडलं ते आत्यानं, नखशिखांत पांढरी. इंजिनियर बाईंनी गिरणीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. "अहो, एवढ्याशा यंत्रासाठी? मला वाटलं, कारखानाच काढलाय." त्यांनी लाइन तपासली, अर्थिंग पाहिलं, ठेकेदाराचा दाखला वाचला, आणि थालीपीठ खाऊन गेल्या. नको नको म्हणत दोन खाल्ली.

त्यानंतर लवकरच कागद आला. घरगुती पीठ दळण्याचे यंत्र चालविण्यास या कार्यालयाची हरकत नाही. आतोबांनी तो उभ्यानं मोठ्यानं वाचला, मग आत्यानं वाचायला मागितला, तेव्हा तिच्यासाठी पुन्हा वाचला. आत्या म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही त्या बाकावर नाही ना बसणार? अकराच्या पुढे तिथे फार ऊन येतं. माझं निम्मं लक्ष उन्हाकडे असायचं. कसंबसं दळण उरकायची." आतोबा तिच्याकडे बघत राहिले. मी उठून चहा करायला गेले, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

पुढची काही वर्षं फार सुखाची गेली. श्रावणात त्या गल्लीत वळलं की भाजलेल्या राजगिऱ्याचा वास यायचा. दारात डब्यांची रांग, आत आत्या, आणि पिशव्यांची तोंडं बांधायला आतोबा. प्रत्येक पिशवीला विचारायचे, "घट्ट बांधू की सैल?" आत्या ओरडायची, "बांधा हो एकदाची!" मला ते दोघांचे आवाज आणि मधली घर्रर्र आजही जशीच्या तशी ऐकू येते. असं घर मी पुन्हा पाहिलं नाही.

गेल्या वर्षी आत्या गेली. दोन दिवसांचं दुखणं, फार त्रास झाला नाही. आतोबा सगळ्या विधींना शांत होते, आल्यागेल्याला पाणी विचारत होते. तेरावं झालं, मंडळी पांगली, आणि मला त्यांचा फोन आला. "बाळ, मंगळवारी वेळ आहे का? ऑफिसात जायचं होतं." मला वाटलं, विजेच्या बिलाचं काही काम असेल.

खिडकीपाशी आमचा नंबर आल्यावर आतोबांनी पिशवीतून तो कागद काढला, नीट सपाट केला आणि पलीकडच्या बाईंपुढे सरकवला. "हा परत करायचा होता."

"परत? का हो?"

"ज्यांच्यासाठी घेतला होता त्या गेल्या," आतोबा म्हणाले. "मला काही गिरणी चालवता येत नाही. काम संपल्यावर परवानगी ठेवून घेणं बरं नाही."

मागं रांग होती, कोणीतरी चुळबुळत होतं. मी तोंड फिरवून उभी राहिले, कारण मला रडू फुटलं होतं. त्या बाईंनी कागद वाचला. मग त्या खुर्चीतून उठल्या, कागदाची घडी घातली आणि दोन्ही हातांनी आतोबांपुढे धरला. "आजोबा, हे परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. तुमच्याकडेच राहू द्या."

"चालेल?"

"चालेल."

"उद्या कोणी विचारलं तर?"

"माझं नाव सांगा. मी राहू द्या म्हटलं म्हणून सांगा."

रिक्षात बसल्यावर आतोबांनी कागद शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात धरला. "मला वाटलं होतं, घेतील," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "राहू द्या म्हणाल्या."

"हो आतोबा. मी ऐकलं ना."

त्यांनी मान हलवली. आणि मग भर रस्त्यात, रिक्षावाल्याच्या देखत, कोणालाही काहीही न विचारता, आत्या गेल्यापासून पहिल्यांदाच आतोबा मोठ्यानं रडले.